वाळूत शिकलेला बर्फ

आमच्या घरात बर्फ म्हणजे फ्रीजरमधला. अजमानमध्ये बावीस वर्षं काढल्यावर माणसाला बर्फाचं एकच काम ठाऊक उरतं, ते म्हणजे सरबतात पडणं. त्यामुळे डिसेंबरातल्या एका सकाळी नवरा पोळी खाता खाता म्हणाला, "एप्रिलमध्ये जॉर्जियाला जाऊ. बर्फातली एक खिंड आहे, ती चढून येऊ," तेव्हा मी पुढची पोळी तव्यावर टाकली आणि विचारलं, "गुडघे बरोबर नेणार की घरी ठेवून जाणार?"

प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये ठरलं होतं. त्यानंतर चालता येईल, जिने चढता येतील, पण पाठीवर ओझं घेऊन डोंगर आता विसरा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पुण्यात असताना या माणसाने एकही किल्ला सोडला नव्हता. लग्नाच्या वर्षी हिमालयातल्या एका बर्फाच्या खिंडीच्या ट्रेकला नावही दिलं होतं. त्याच आठवड्यात इकडचा व्हिसा आला आणि नाव काढून घेतलं. पुढच्या वर्षी जाऊ, म्हणाला. तशी बावीस पुढची वर्षं गेली. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात त्याचं एसीचे डक्ट बनवायचं वर्कशॉप आहे. म्हणजे अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या खोल्या थंड करण्यात गेलं आणि स्वतः हा थंडीला मुकला. आता हा एप्रिल गेला की खिंड कायमची गेली, हे मला कळत होतं. फक्त माझा स्वभाव असा, की मला आधी ओरडावं लागतं आणि मग कळतं.

"मीही येणार," मी म्हटलं.

"तुला मॉलमधल्या एसीत शाल लागते."

"लागू दे. तू बर्फाखाली गेलास तर उकरून काढायला घरचं माणूस हवं."

हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलले होते. पण आमचा वाटाड्या निघाला असा, की त्याने ते अगदी शब्दशः घेतलं. हा मूळचा हिमाचलचा, चाळिशीचा, अबोल गृहस्थ. दुबईच्या एका मॉलमधल्या नकली बर्फावर मुलांना स्कीइंग शिकवायचा आणि वसंतात रजा काढून खऱ्या बर्फात छोटे गट न्यायचा. गावाकडे असताना हिमस्खलनात सापडलेली माणसं शोधायच्या तुकडीत तो होता. किती सापडली आणि कशी सापडली, हे त्याने कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. आम्ही सगळे त्याला भाईसाब म्हणायचो. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, "खिंड दाखवीन. पण आधी चार शनिवार द्या. एकमेकांना शोधायला शिकल्याशिवाय मी कुणालाच नेत नाही."

तेव्हा आम्ही पाच शिष्य जमलो. आम्ही दोघं, अबुधाबीला कॉलेजात शिकणारी आमची एकोणीस वर्षांची लेक, नवऱ्याचा जुना मित्र आणि त्याची बायको. मित्राचा दुबईत सुक्या मेव्याचा ट्रेडिंगचा धंदा आहे. मी त्यांना भाऊजी म्हणते आणि तिला वहिनी. भाऊजी कुठल्याही कामाला "यल्ला", म्हणजे "चला", म्हणून सर्वांत आधी उठतात आणि सर्वांत शेवटी पोचतात.

आता हिमस्खलनाचे धडे अमिरातीत कुठे द्यायचे? भाईसाबने वाळवंट निवडलं. अजमानहून आत तासभर गेलं की रस्त्याच्या कडेलाच मोठमोठ्या टेकड्या लागतात. जानेवारीत तिथली हवा छान असते. आम्ही चटया, थर्मास आणि डबे घेऊन गेलो. भाईसाबने चटयांकडे एकदा बघितलं आणि सरळ टेकडी चढायला लागला.

पहिला धडा उताराचा होता. वाळूच्या टेकडीला दोन अंगं असतात. वारा येतो ते अंग पसरट आणि कठीण, आणि वारा जिकडे वाळू टाकतो ते अंग उभं आणि भुसभुशीत. बर्फाचंही अगदी हेच, तो म्हणाला. वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचतो, आणि ती रचलेली बाजू दिसायला सर्वांत गुळगुळीत आणि भरवशाला सर्वांत वाईट. त्याने आम्हाला उभ्या अंगाच्या कडेवर नेलं आणि लेकीला एक पाय टाकायला सांगितला. तिने टाकला. तिच्या पायाखालून पंख्याएवढा वाळूचा तुकडा सुटला आणि सरसरत खाली गेला. "हा तीस अंशांच्या पुढचा उतार आहे. डोक्यात नको, पायात लक्षात ठेवा," भाईसाब म्हणाला. "बर्फात असा उतार दिसला की थांबायचं आणि विचार करायचा." मग आम्ही तासभर तो उतार पायात लक्षात ठेवला. वहिनींच्या बुटांतून घरी गेल्यावर वाटीभर वाळू निघाली म्हणे.

दुसरा धडा बीकनचा. बीकन म्हणजे साबणाच्या वडीएवढं यंत्र, छातीशी पट्ट्याने बांधायचं. बर्फात चालताना प्रत्येकाचं यंत्र सतत संदेश सोडत असतं. कुणी गाडलं गेलं, की बाकीच्यांनी आपापली यंत्रं शोधायच्या बटणावर टाकायची. मग पडद्यावर बाण दिसतो, अंतर दिसतं. जवळ गेलं की लांब घडीची सळई खुपसून माणूस कुठे लागतो ते बघायचं आणि फावड्याने उकरायचं. हे सगळं काही मिनिटांत झालं तर उपयोग, नाहीतर नाही. हे सांगताना भाईसाबचा आवाज जरा बदलला, म्हणून आम्ही चेष्टा थांबवली.

गाडायचं काय, तर एक चालू बीकन. मी तत्परतेने माझा स्टीलचा डबा पुढे केला. भाईसाबने हात जोडले. "बहनजी, स्टील नहीं. सिग्नल अंदर ही रह जाएगा." मग श्रीखंडाचा प्लास्टिकचा रिकामा डबा सापडला. तो डबा त्याने कुठेतरी पुरला आणि मला म्हणाला, "शोधा. तुमच्या मिस्टरांना शोधताय असं समजा."

मी निघाले. बाण म्हणाला उजवीकडे, मी उजवीकडे गेले. बाण म्हणाला मागे वळ. वळले. अंतर बारा, मग सात, मग एकदम तीस. मी एके ठिकाणी खणलं, वाळू. दुसऱ्या ठिकाणी खणलं, तिथे कुणाच्यातरी पिकनिकचा कोळसा. तोंडाने मी यंत्राला, यंत्र बनवणाऱ्याला आणि नवऱ्याला एकामागोमाग एक ऐकवत होते. नवरा टेकडीवर बसून चहा पीत होता. "मी मेलो बरं का आत्तापर्यंत," तो वरून म्हणाला.

एवढ्यात रस्त्यावरून जाणारी एक पांढरी मोठी गाडी वळून आत आली. कंदुरा, म्हणजे इकडचा पायघोळ पांढरा झगा, घातलेले एक वयस्क स्थानिक गृहस्थ उतरले आणि छान हिंदीत विचारलं, "क्या गुम हो गया? सोना है?"

भाईसाबने समजावलं की ही मंडळी बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायला शिकतायत. म्हाताऱ्याने सभोवार पसरलेल्या वाळूकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे म्हणाला, "यहाँ बर्फ नहीं गिरेगा, इन्शाल्ला." पण माणूस दिलदार. तोही शोधायला लागला. त्याने गाडीतून खजूर आणले आणि मला नुसत्या हाताने कुठे खणायचं ते दाखवायला लागला.

शेवटी भाईसाब माझ्याजवळ आला. "बहनजी, जेब में क्या है?"

जाकिटाच्या छातीच्या खिशात मोबाईल होता. दुसऱ्या खिशात ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेल्या चार तूप-साखर पोळ्या. मी पोळ्यांचा धंदा करणारी बाई. अजमानमधल्या निम्म्या मराठी घरांत माझ्या पोळ्या जातात. घराबाहेर पडताना फॉइलची गुंडाळी जवळ नसेल तर मला चपला घालायच्या राहिल्यासारखं वाटतं. आणि त्या खिशात ठेवायचं कारण म्हणजे अंगाच्या उबेने पोळी मऊ राहते. भाईसाबने पोळ्या काढल्या, मोबाईल काढला, दोन्ही लेकीच्या हातात दिलं आणि मला पुन्हा सोडलं. बाण सरळ झाला. चार मिनिटांत मी श्रीखंडाच्या डब्यावर उभी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हेच.

"फोन, चुंबक, फॉइल, सगळं बीकनपासून लांब," भाईसाब म्हणाला. "वीस वर्षांत पोळीने बिघडवलेला शोध मी पहिल्यांदा बघतोय."

"आई, यू जस्ट किल्ड बाबा विथ अ पोळी," लेक म्हणाली. म्हाताऱ्याला ते कुणीतरी हिंदीत सांगितलं. तो इतका हसला की गाडीला टेकून उभा राहिला. पोळी त्यालाही दिली. एक खाल्ली आणि दुसरी मागून घेतली.

तिसऱ्या शनिवारी वसंतातल्या बर्फाचा धडा झाला. थंडीच्या दिवसांतला बर्फ नव्या थरांमुळे घसरतो, वसंतातला मुख्यतः उन्हामुळे. रात्री तो गोठतो आणि वर कडक पापुद्रा धरतो, त्यावरून माणूस आरामात चालत जातो. दिवस वर आला की पापुद्रा सुटतो, पाणी झिरपतं आणि पूर्ण उतार जड आणि ओला होऊन खाली यायला बघतो. मला हे चटकन कळलं. आमच्या ओट्यावरचं साजूक तूप जानेवारीत सकाळी चमच्याला दाद देत नाही आणि दुपारी वाटीतून सांडतं, तसंच ते. म्हणून वसंतात पहाटे निघायचं आणि ऊन चढायच्या आत उताराखालून बाहेर पडायचं. रात्री ढग असतील तर पापुद्रा नीट धरत नाही, मग जास्त सावध राहायचं. धोक्याच्या उतारावरून एकेकट्याने जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून बघायचं. उताराखाली थांबायचं नाही, फोटो काढायला तर नाहीच नाही. हे म्हणताना त्याने भाऊजींकडे बघितलं.

"आणि शेवटचा नियम," तो म्हणाला. "वरती मी प्रत्येकाला विचारीन, जायचं का. एकाचं नाही म्हणजे सगळ्यांचं नाही. कारण विचारायचं नाही, रुसायचं नाही. आणि विचारायला सुरुवात करणार सर्वांत नवख्यापासून. जाणत्याने आधी हो म्हटलं की नवखा तोंड उघडत नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नवखी कोण यावर चर्चेची गरज पडली नाही.

एप्रिलच्या सुट्टीत आम्ही गेलो. डोंगरातलं एक छोटं गाव, तिथे एका आजीबाईंचं पाहुणेघर, आणि समोर नवऱ्याची खिंड. दोन सुळक्यांच्या मधला पांढरा खोलगट भाग आणि त्यावर कुणीतरी रोवलेला एक खांब. पहिल्या संध्याकाळी नवरा अंगणात उभा राहून त्या खांबाकडे बघत होता. मी चहा नेऊन दिला, तर त्याला पत्ताच नाही. बावीस वर्षांत मी या माणसाला असं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. याला तिथे पोचलेलं बघायचंच, असं माझ्या मनाने घेतलं. दोन दिवस आम्ही रुंद तळाचे स्नोशूज बांधून सराव केला, बदकांसारखे चाललो, भरपूर पडलो आणि त्याहून जास्त हसलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं. "चार म्हणजे चार," भाईसाब म्हणाला. "नऊच्या आत खिंडीत, दहाच्या आत उताराखालून बाहेर. खायला सुका मेवा खिशात ठेवा, पुरतो."

पुरतो म्हणे. माझ्या घरातून आजवर कुणी उपाशीपोटी बाहेर पडलेलं नाही. परीक्षेला, विमानाला, ऑपरेशनलासुद्धा दही-साखर हातावर ठेवल्याशिवाय आमच्याकडे उंबरा ओलांडत नाहीत. आणि हा तर नवऱ्याच्या आयुष्यातला एकुलता एक डोंगर. मी अजमानहून रवा नेला होता. अडीचला उठले आणि आजीबाईंच्या स्वयंपाकघरात उपम्याची तयारी सुरू केली. पण ती शेगडी माझी नव्हती, आच धरेना. आधणाला उकळी येईना. चारला भाईसाब बाहेर टॉर्च लावून उभा होता. सव्वाचारला लेक आत येऊन म्हणाली, "आई, वुई हॅव टू गो." मी म्हटलं, "पाच मिनिटं." भाऊजी म्हणाले, "वास काय सुटलाय," आणि चक्क बूट काढून बसले. उपमा झाला, वाटला, खाल्ला. मग प्रत्येकाच्या हातावर दही-साखर. तिथलं दही फार छान असतं. सगळे आवरून निघालो तेव्हा पाचला दहा कमी होते. भाईसाबने फक्त वर बघितलं. रात्री बराच वेळ ढग होते, ते आता पांगत होते.

सुरुवात सुरेख झाली. टॉर्चच्या उजेडात बर्फ करकर वाजत होता, मग निळा उजेड आला, मग समोरचे सुळके गुलाबी झाले. नवरा पुढे होता. गुडघ्याला पट्टा, हातात दोन काठ्या, आणि चाल अशी की मला लग्नाआधीचा तो आठवला. लेक त्याच्या मागे होती. मी धापा टाकत होते, पण मनातून मी इतकी खूश होते की वहिनींना म्हटलं, "मेलं आपण हे आधी का नाही केलं?"

पण पापुद्रा पातळ होता. मधेच पाय आत जायचा, काढायला वेळ लागायचा. शेवटच्या उताराच्या पायथ्याशी एका मोठ्या खडकाआड पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. खिंड वर दिसत होती, खांब दिसत होता, खांबाला बांधलेली चिंधीसुद्धा दिसत होती. पाऊण तासाची वाट. उतार पूर्वेकडचा, त्याच्यावर सकाळपासूनचं ऊन. भाईसाब दोन पावलं पुढे गेला आणि त्याने बूट दाबला. घोट्यापर्यंत गेला. जरा वर दाबला, तर नडगीपर्यंत. आम्ही बघत असतानाच वरच्या खडकांखालून बर्फाचा एक लिंबाएवढा गोळा सुटला, घरंगळत मोठा होत होत, मागे रेघ ओढत खाली आला. मग आणखी दोन. पायातला तीस अंशांचा उतार मला त्या वेळी बरोबर आठवला.

भाईसाब वळला. "हे अजून 'बिलकुल नाही' झालेलं नाही," तो म्हणाला. "तासाभरापूर्वी मी आनंदाने नेलं असतं. आणखी तासाने नेणार नाही. आत्ता एकेक करून, भराभर, जाता येईल. धोका आहे. म्हणून विचारतो." आणि त्याने माझ्याकडे बघितलं. "बहनजी?"

तासाभरापूर्वी. हा तास कुठे गेला ते सगळ्यांना ठाऊक होतं. उपम्याच्या कढईत गेला. मी नाही म्हटलं तर नवऱ्याची खिंड गेली, कायमची, आणि ती माझ्यामुळे गेली. उशीरही मीच केला आणि आता मागेही मीच फिरवणार, हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? मी नवऱ्याकडे बघितलं. तो वर खांबाकडे बघत होता. भाऊजींचा चेहरा यल्ला म्हणायला तयार होता. माझ्या ओठांवर हो आलं होतं, खोटं कशाला बोलू. हो म्हटलं की माझी चूक मिटत होती. मग लेक दिसली. तिने काठ्यांचे पट्टे मनगटांतून सोडवून ठेवले होते, बर्फ अंगावर आलाच तर हात अडकू नयेत म्हणून, वाळूत शिकवलं होतं तसे. माझी चूक मी माझ्या पोरीच्या पायांनी फेडायला निघाले होते.

"नाही," मी म्हटलं.

भाईसाबने मान हलवली. कारण विचारलं नाही. "चलो, नीचे," एवढंच म्हणाला, आणि आम्ही वळलो. बाकीच्यांना विचारायची वेळच आली नाही.

धोक्याच्या टप्प्यांवरून एकेकटे उतरलो, अंतर ठेवून, न थांबता. अकराच्या सुमारास पाहुणेघरात पोचलो, तेव्हा वहिनींनी मला मिठी मारली आणि भाऊजी म्हणाले, "खलास. जान बची." नवऱ्याने बूट सोडले, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली आणि अंगणात खुर्ची टाकून बसला. तोंड खिंडीकडे.

मीही खिंडीकडे बघत बसले, पण वेगळ्या कारणाने. आता तरी तो उतार कोसळावा. एकदाचा धडाड करून खाली यावा, म्हणजे मी बरोबर होते हे सगळ्यांना दिसेल. बारा वाजले, एक वाजला. मी तांदूळ निवडता निवडता मान वर करून बघत होते. "पड की मेल्या," मी पुटपुटले. मेला पडला नाही. दुपारी तसाच गुळगुळीत, संध्याकाळी तसाच, गुबगुबीत गादीसारखा निवांत. भाईसाबला विचारलं, "आपण गेलो असतो तर?" तो म्हणाला, "पता नहीं, बहनजी. हे कधीच कळत नाही. खाली आलेल्या माणसाला कळायची गरज नसते." त्याचं ठीक होतं. गेलेली खिंड त्याच्या घरच्या माणसाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि बर्फाचा चिखल झाला. पुन्हा जाणं शक्यच नव्हतं. नवरा रागावला नव्हता. सगळ्यांशी नीट बोलत होता, आजीबाईंना नळ दुरुस्त करून दिला, माझ्या हातचं पोटभर जेवला. पण तो आतून गप्प होता, आणि बावीस वर्षांच्या संसारात मला भांडणाचं कधी भय वाटलं नाही, गप्प बसण्याचं मात्र वाटतं. परतीच्या विमानात मी त्याला दोनदा सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि दोनदा एअरहोस्टेस ज्यूस घेऊन आली.

शारजाच्या विमानतळावर दुपारी उतरलो. भाऊजी-वहिनी त्यांच्या गाडीने गेले. आम्ही तिघं आमच्या गाडीने निघालो आणि नवऱ्याने नेहमीच्या टपरीसमोर गाडी थांबवून हॉर्न दिला. टपरीवाल्याने खिडकीतून करक चहाचे तीन कप दिले. बाहेर ऊन रणरणत होतं, गाडीतला एसी जोरात चालू होता. लेक मागे कानात इअरफोनची बोंडं घालून आडवी झाली होती. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"माझ्यामुळे गेली तुझी खिंड," मी म्हटलं. "उपमा केला नसता तर वर गेला असतास. मला माहितेय, तू बोलत नाहीयेस. एकदा ओरड आणि मोकळा हो."

त्याने हातातला कप समोर ठेवला. मग म्हणाला, "मी त्यासाठी गप्प नाहीये."

"मग कशासाठी?"

"त्या खडकाशी पोचलो ना, तेव्हाच मला जायचं नव्हतं. ते गोळे मी तुझ्या आधी बघितले. गुडघा वाटेतच गेला होता, भराभर चालणं शक्यच नव्हतं. पण सगळे माझ्यासाठी आलेले. चार शनिवार वाळूत लोळलेले. तू अडीचला उठून रांधलेलं. तिथे मी नाही कसं म्हणू? भाईसाब विचारत माझ्यापर्यंत आला असता तर मी हो म्हटलं असतं."

माझा संताप असा उसळला की चहा सांडला. "अरे पण तीन दिवस मी... तोंड शिवलं होतं का तुझं? मी तिथे जीव मुठीत धरून..."

"तेच म्हणतोय. तीन दिवस मी तेच आठवतोय. मला नाही म्हणता आलं नसतं."

मागून लेक उठून बसली. एका कानातलं बोंड तिने काढलं होतं, कधी काढलं कोण जाणे. "मी टू," ती म्हणाली. "आय डिडन्ट वॉन्ट टू गो आयदर. पण बाबाचा ड्रीम होता ना. सो आय वॉज गोइंग टू से यस."

मी पुढे काचेतून बघत बसले. रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या, टपरीवाला शेजारच्या गाडीला चहा देत होता. मी हिशोब करून बघितला आणि दर वेळी तोच आला. मी हो म्हटलं असतं तर हा हो म्हणाला असता, ही हो म्हणाली असती, आणि कुणालाही जायचं नसताना आम्ही तिघंही एकामागून एक त्या उतारावर गेलो असतो. एकमेकांच्या प्रेमापोटी. आणि हो माझ्या ओठांवर आलेलं होतं. नवऱ्याने माझ्या हातातून कप काढून घेतला आणि हात धरून ठेवला.

"आई, आर यू क्रायिंग?" लेकीने मागून मान पुढे काढली. "आपण गेलोच नाही ना पण."

"म्हणूनच," मी म्हटलं.